झाकलेल्या कणकेची हकीकत

श्री. चुलीतला अग्नी साक्षी. लाकडाचे एक झाकण. कड्याखाली बोरीच्या काट्यांत अडकलेले हिरवे कांकण. बोटाने पडलेला खळगा. एका राजाची घाई. शके १६६६, रक्ताक्षी नाम संवत्सर, चैत्र वद्य तृतीया.

त्या राज्याचे महाराज एक लढाई केवळ घाईने जिंकले होते, आणि तेव्हापासून हुकूम जाहला की कामास लागलेला हात थांबला, तर हाताच्या धन्यास कड्यावरून लोटावे. मग लोहार भाता सोडीना, आणि विणकर घाम पुसेना, आणि मुदपाकखान्यात सुपडाबाई मांडेकरीण कणीक तिंबीतच राहिली. या जागी आधी तिची थोरली जाऊ उखाबाई होती, आणि सुपडाबाई तिच्या हाताखाली. महिन्यामागे उखाबाईचा मांडा भर पंगतीत फाटला, आणि चौकशीत तिने कणीक झाकून हात थांबविल्याचे निघाले, आणि सूर्य मावळण्याआधी तिला कडा दाखविला.

आज परराज्याचे वकील तहास आले, पंगत बसली, आणि मांडा पाहुण्यांदेखत व्हावा अशी आज्ञा जाहली. सुपडाबाईने कणकेत बोट दाबले, तो कणकेने बोट मागे ढकलले. मांड्याची कणीक तिंबण्याचा ताण घटकाभर धरून ठेवते आणि मग हळूहळू सोडते, आणि सोडला म्हणजेच हातावरून ओघळते. त्याआधी ओढली तर आखडते, नाही तर फाटते.

ती दरोगा भिकाजीपंतांस हळूच म्हणाली, "पंत, घटकाभर झाकू द्या. हिला अजून माझा हात आठवतोय."

"आणि तुला कडा आठवतोय ना, बाई? मग उचल."

तिने गोळा उचलून हातांवर घेतला, तो आखडून मनगटाशी आला, आणि कडेला तांदळाएवढी चीर पडली. मग तिच्या ध्यानी आले की हुकुमात थांबू नये इतकेच आहे, सावकाशीचे नाव नाही. तेव्हा तिने चीर चिमटीत मिटविली आणि हात असा चालविला की चालतो हे फक्त तिलाच कळावे. आणि कणीक त्या संथपणाला वश होऊन केसाकेसाने उतरू लागली. पहारेकरी तिच्या बोटांवर डोळे रोखून वाकला.

"मावशी, मुंगीसुद्धा पुढे गेली."

"मग मुंगीवर पहारा कर, बाबा. माझा हात चाललाय."

घटका भरली, टोला पडला, आणि मांडा कोपरापर्यंत उतरला, इतका पातळ की पलीकडली वकिलाची पगडी दिसावी. तो चुलीवरल्या उपड्या खापरावर पडला. महाराज म्हणाले, "एका मांड्यास घटका? दुसरा पापणी लवायच्या आत हवा." पंगतीचे घास तोंडात राहिले.

सुपडाबाईने परातीतल्या कणकेत बोट दाबले. खळगा तसाच राहिला. सारे तिच्या हातांकडे पाहत असता उरलेली कणीक घटकाभर स्वस्थ पडली होती. तिने गोळा उचलला, आणि तो लुगड्याच्या पदरासारखा आपसूक ओघळला.

"पाहिलेत," महाराज वकिलास म्हणाले, "धाकाने काम कसे होते ते."

येणेप्रमाणे तह जाहला, सुपडाबाईस लुगडे मिळाले, आणि हुकूम कायम राहिला.

उखाबाईच्या कणकेवरचे झाकण, शिपायाची पावले ऐकून, वेळेआधी सुपडाबाईने काढले होते, आणि गोळा तिच्या हाती दिला होता.