हळदीच्या डोळ्याची बखर

श्रीगणराय साक्ष ठेवोन, तापीतीरीचे सुरत बंदर, तेथील लिंबायत कसबा, जेथे खानदेशची गावेच्या गावे येवोन वसली, त्या स्थळी रंगांचे राज्यात जी धामधूम जाहली तिची हकीकत कोणाची भीड न धरता लिहिली आहे. वाचणाराने हसो नये. हसू आलेच तर तोंडास रुमाल लावावा.

राजश्री गजेंद्रराव, तसबिरींचे कारखानदार, लग्नकार्यी कॅमेरा घेवोन स्वारी करणारे, यांचे पदरी एक मॉनिटर होता. तो गरीब, इमानी आणि रंगाचे बाबतीत मध्यम. गजेंद्ररावांनी यूट्यूबचे दरबारी ऐकिले की विस्तीर्ण रंगमुलखाचा मॉनिटर ज्याचे घरी नाही तो फोटोग्राफरच नव्हे; मग त्यांनी जुन्यास बडतर्फ करोन नवा आणिला, आणि संगती रंग मोजणारा यंत्रडोळा आणिला, ज्यास कॅलिब्रेटर म्हणती. तो पडद्यावर टांगावा, मग त्याने पडद्याचे रंग तपासोन दुरुस्त करावे, ऐसा कायदा. गजेंद्रराव त्याचे नाव इतक्या कौतुकाने घेत की शेजारियांस वाटले, घरी कोणी जावई उतरला आहे. दसरियास मातोश्री सुभद्राबाई यांनी सर्व शस्त्रांची पूजा करोन नव्या डोळ्यासही मान दिला, आणि मग डोळा टांगोन मोहीम जाहली, आणि पडदा दुरुस्त जाहला ऐसा दाखला खुद्द यंत्राने दिला.

पुढे मार्गशीर्षी धाकटी बहीण नूतनबाई इचे लग्न बारडोलीचे योगेंद्ररावांशी जाहले. तसबिरी खासा बंधूंनीच काढिल्या. नव्या पडद्यावर बहीण निळसर दिसो लागली. परंतु इतक्या किमतीच्या यंत्रावर शंका घेणे म्हणजे आपल्याच अकलेवर घेणे, सबब दोष मांडवातील दिव्यांचा ठरवोन त्यांनी प्रत्येक तसबिरीत पिवळा चढविला, आणि मग अल्बम छापोन बारडोलीस रवाना केला.

बारडोली साखरेचा मुलूख, परंतु तेथून आलेले बोलणे कडू. अल्बमात नवरी पानोपानी पिवळीजर्द. विहीण सरलाबाई यांनी आल्यागेल्यास पाने उलटोन दाखविली आणि पुसिले की पोरीस कावीळ होती काय, आणि होती तर माहेराने लपविली काय; मग रक्त तपासण्याचे फर्मान सुटले. रक्त निर्मळ निघाले, तरी घरातील नजरा नूतनबाईच्या डोळ्यांवरच. फोनवर हे सांगताना ती रडली. आम्ही चेष्टेस बसलो खरे, परंतु हे लिहिताना आम्हास त्या अल्बमाचा संताप आला.

मग गजेंद्ररावांनी कडोदऱ्याचे वाटेवरील छापखान्यावर चाल केली आणि मालक हसमुखभाईंवर शाई बिघडल्याचा आरोप ठेविला. नाचता येईना अंगण वाकडे. हसमुखभाईंनी अल्बम उजेडात धरिला, नवरी पाहिली आणि निवाडा दिला, “चालशे,” म्हणजे चालेल. या एका शब्दावर सुरतेचे बाजार चालतात, परंतु काविळीस तो लागू पडेना.

सबब पुनःश्च कॅलिब्रेशन करणे प्राप्त जाहले. भर दुपारी पडदे ओढिले, दिवे मालविले, मातोश्रींची मालिका बंद करविली, आणि यंत्रडोळा डबीतून काढोन मेजावर ठेविला. तोच सुभद्राबाई हळदकुंकवाचे ताट घेवोन आल्या, कारण हरलेल्या शस्त्राची पूजा पुन्हा करावी ऐसे त्यांचे मत. आणि मग त्यांनी कुंकू यंत्राचे पाठीस लाविले, आणि हळदीचे बोट नेमके काचेवर टेकविले.

गजेंद्ररावांनी यंत्र उचलोन काच डोळ्यांसमोर धरिली. मग म्हणाले, “माय, डोयाले हयद लावी का तू?”

“नवा डोया शे, बापा,” मातोश्री म्हणाल्या. “नजर लागी जाई. दसराले बी लाई व्हती.”

काविळीच्या डोळ्यास जग पिवळे दिसते म्हणतात, ते येथे यंत्रास घडले. हळदीआडून पाहता त्यास पडदा पिवळा भासला, म्हणोन त्याने तो निळा केला. निळा पडदा पाहोन गजेंद्ररावांनी बहीण पिवळी केली. आणि दाखला मात्र दुरुस्तीचा.

मग चष्म्याच्या फडक्याने डोळा पुसिला, पडदा शुद्धीवर आला, नवा अल्बम छापिला, आणि मायलेक तो घेवोन बारडोलीस दाखल जाहले. दिवाणखान्यात भाऊबंद जमले. नूतनबाई आपल्या गव्हाळ रंगाने पानोपानी उभी, सर्व तृप्त. मग पाठवणीचे पान आले. त्यात सुभद्राबाईंचा हात लेकीच्या गळ्याशी. हातातील पाटली सोन्याची सोन्याचीच राहिली, आणि तिजला लागोन सासरने सोन्याची म्हणोन घातलेली पोत, जी पिवळ्या अल्बमात झळाळत होती, ती तांब्याचे वाटेस लागलेली. एका आत्याबाईंनी चष्मा पुसोन पुन्हा पाहिले.

नूतनबाई हलकेच सासूस म्हणाली, “आई, माझी कावीळ उतरली. पोतीचीही उतरली.”

सरलाबाईंनी अल्बम मिटविला आणि तत्क्षणी तह केला: कावीळ हा शब्द या घरी पुन्हा निघो नये, आणि पाहुण्यांस दाखविण्यास पहिलाच अल्बम ठेवावा, कारण त्यात सर्वांचेच रंग शोभतात.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. पिवळा अल्बम बारडोलीचे दिवाणखान्यात आहे, आणि खरा नूतनबाईचे कपाटात, किल्ली तिचे कमरेस.