मास्तरांनी शिवलेला वाफेचा तंबू

त्या दिवशी सकाळपासून बोचरा वारा सुटला होता. ऊन होतं, पण नुसतं दिसायला. अशा हवेत शिंपीमास्तरांचा उजवा खांदा हमखास रुसायचा. तसा तो चार महिने रुसलेलाच होता. मशीन कसंबसं चाले, पण हात छातीच्या वर म्हणून जात नसे, आणि कापड बेतायला लांबवला की डोळ्यांपुढे काजवे. या महिन्यात हात सुटला नाही तर मशीन विकायचं, असं बायकोनं ठरवलं होतं. गिऱ्हाईक रविवारी येणार होतं. मास्तर रोज मशीनला तेल मात्र देत होते.

कुणीतरी सांगितलं, वाफ घ्या, खांदा मोकळा होईल. वाफेची पेटी दुकानात पाहून मास्तर म्हणाले, "हात्तिच्या! ही तर मी शिवीन."

बायकोनं रेनकोटचं उरलेलं कापड कापून दिलं. खुर्चीसकट माणूस मावेल एवढा घेर, मुंडकं तेवढं बाहेर, कॉलर गळ्याशी घट्ट. (फिटिंगच्या बाबतीत मास्तर स्वतःलाही सवलत देत नसत.) कुकरची शिट्टी काढून तिथं रबरी नळी लावली, तिचं दुसरं टोक तंबूत सोडलं.

टॉवेल गुंडाळून मास्तर आत बसले. बायकोनं कॉलरची चारी बटणं लावली.

"कसं वाटतंय?"

"राजासारखं."

"मग बसा राजे. मी कोपऱ्यावरून भाजी घेऊन आलेच."

दहा मिनिटं खरंच स्वर्ग. मग घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबकळला. पुसणार कसा? दोन्ही हात आत. बाहेर पडावं म्हणून त्यांनी गळ्याखाली चाचपलं आणि त्यांना उमगलं. जन्मभर लहान मुलींचे झगे शिवलेले. पोरींनी उघडू नयेत म्हणून बटणं कायम पाठीवर. हातानं इमानेइतबारे तीच सवय पाळली होती.

"अहो, कुणी आहे का?"

दार नुसतं लोटलेलं होतं. शेजारचे रिटायर्ड पोस्टमन धावत आले. आधी त्यांनी गॅस बंद केला.

"मास्तर, हे काय? पार्सल झालंय तुमचं!"

"बटणं काढा! मागची!"

"दिसत नाहीत हो. थांबा, चष्मा आणतो."

चष्मा येईपर्यंत मास्तरांना धीर कुठला! त्यांनी आतूनच उजवा हात पाठीकडून वर सरकवला. खांद्यात कट्‌ झालं. बोटं चक्क मानेला टेकली. एक बटण आतून सोडवलं, दुसरं सोडवलं, तिसरं, चौथं... तंबू पायाशी कोसळला आणि हात सरळ छताकडे!

"वर गेला! अगं, हात वर गेला! मशीन विकायचं नाही!" ओरडत मास्तर दाराबाहेर आले.

जिन्यात बायको भाजीची पिशवी घेऊन थिजली होती, मागे वरच्या मजल्यावरच्या दोघीजणी. तेवढ्यात पोस्टमन चष्मा लावून आले. त्यांनी मास्तरांना वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं आणि म्हणाले, "फार छान झालं, मास्तर. आता तोच हात झटकन खाली आणा, टॉवेल आत तंबूतच राहिलाय."