जोयाचे चार पंजे

ढीग काही केल्या तापत नव्हता आणि शनिवारी तालुक्याहून तपासणीची मंडळी येणार होती.

सावली तालुक्यातल्या त्या हायस्कुलात कचऱ्याचं खत करायचं काम दहावीच्या पोरींनी अंगावर घेतलं होतं. जोया त्यांची म्होरकी. डब्यातलं उरलंसुरलं, सागाची पानं, धानाचं तणीस, शेण, असा कमरेएवढा ढीग तिनं शाळेमागं रचून घेतला होता. विज्ञानाचे दिनेश सर रोज एकच सांगत, "हात घालून पाहा. गरम लागला तर खत होऊन राह्यलं. थंडा असला तर नुसता कचरा." जोया तीन आठवडे रोज हात घालत होती. ढीग गारच्या गार.

त्यात कुंपणाच्या पडक्या भिंतीपलीकडे पानठेला. तिथं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारी मंडळी प्लास्टिकच्या रिकाम्या पन्न्या नेम धरून ढिगावर फेकत. पोरींनी हात जोडले, पाटी लावली. पाटीवरही कुणीतरी थुंकलं.

"रोज टोपलंभर पन्न्या वेचून राह्यलो आपण," जोयाची मैत्रीण साधना वैतागून म्हणाली. "हे खत होय का पन्नीचं दुकान?"

सोमवारी शाळा भरण्याआधी जोया एकटीच आली. तिनं ढिगाजवळची माती भिजवली, मूठ दाबून तळवा काढला आणि वर चार बोटं टेकवली. जंगलालगतच्या पोरांना हा खेळ अ-आ-ई गिरवण्याआधी येतो. असे चार पंजे काढून तिनं हात धुतले. पानठेल्यावाले दोन दिवस जरा धाकात राहावेत, एवढाच तिचा बेत होता.

पंजे आधी दिसले शिपाई मुखरूला. त्याच्या हातातला घंटेचा हातोडा तिथंच गळून पडला.

"सर! वाघ! शाळेत वाघ!"

दहा मिनिटांत पानठेला बंद झाला. अर्ध्या तासात आयाबाया फाटकाशी जमल्या. दुपारी शाळेला शुक्रवारपर्यंत सुट्टी मिळाली. मंगळवारी मुखरूला आठवलं, की आपण डरकाळीही ऐकली होती. बुधवारी गावात कुणी शेतावर गेलं नाही आणि पिंजरा मागवायची बोलणी सुरू झाली.

खरं तर जोयाला हसू यायला हवं होतं, पण तिला राहून राहून साधनाचं घर आठवत होतं. साधनाच्या काकाला दोन वर्षांपूर्वी मोहफुलं वेचताना वाघानं धरलं होतं. जीव वाचला, पण अजून तो अंगणात एकटा निघत नाही. आता साधनाच्या घरी दिवसाढवळ्या कडी लागली होती. आपलं बिंग फुटलं तर शाळा काढून टाकेल, अब्बू कातडी सोलतील, हे सगळं जोयानं मनात पाहून घेतलं. पण साधनाचा फोनवरचा थरथरता आवाज काही तिला सोसवेना.

गुरुवारी सकाळी दहाला वनरक्षक लालसूभाऊ येणार असं कळलं. जोया साधनाला ओढतच शाळेत घेऊन गेली. ढिगापाशी दिनेश सर उभे होते आणि लालसूभाऊ उकिडवा बसून माती पाहत होता.

"सर," जोया पुढे होऊन म्हणाली, "तो वाघ... तो वाघ मी आहे."

सरांना वाटलं, पोरीला ताप चढला. जोयानं मूठ दाबून पाचवा पंजा काढून दाखवला.

"तू?" साधना किंचाळली. "मी तीन दिवस धड जेवली नाई! काका खाटेखाली झोपून राह्यला!"

जोया रडायलाच लागली. लालसूभाऊ मात्र रागावला नाही.

"किती काढले होते तू?"

"चार."

"बरोबर. हे चार. चारही एकाच पायाचे. वाघ काय लंगडी खेळून राह्यला होता?" सर हसले. लालसूभाऊ ढिगाला वळसा घालून पलीकडे गेला आणि थांबला. "मग इकडचे हे काऊन इतके मोठे?"

कुणाला हसू आलं नाही.

"शाळा बंद. पोरं नाई, घंटा नाई, ठेला नाई," तो हळूच म्हणाला. "त्याले तरी कुठी इतकी सामसूम भेटते?"

जोयाचं लक्ष ढिगाच्या माथ्याकडे गेलं. तणीस दबून तिथं खाटेएवढा खळगा पडला होता. तीन आठवड्यांच्या सवयीनं तिचा हात आपोआप पुढे झाला.

"सर! तापला! आपला ढीग तापला!"

सरांनीही हात लावला. भीती विसरून त्यांचा चेहरा उजळला. "खरंच की! गरम आहे!"

लालसूभाऊनं त्याच खळग्यात बोटं खुपसली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि तो तसाच ठेवून पडक्या भिंतीकडे पाहिलं.

"सर, खाली थंडाच आहे," तो कुजबुजला. "वरूनच गरम आहे. आत्ताच उठला."

चौघंही पाठ न फिरवता, एकमेकांचे हात धरून, पावलापावलानं मागं सरकत फाटकाकडे निघाली. ढिगावरून नजर हलवायची जोयाची छाती नव्हती, म्हणूनच तिला ते दिसलं. आज ढिगावर एकही पन्नी नव्हती.