पुडीतला निषाद

टर्नटेबलच्या सुईचं नवं कार्ट्रिज घरातल्या रेकॉर्डवरचे चुकलेले सूर काढून घेतं आणि दुकानदार ते पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत करतो, ही सांगलीतली जुनी पद्धत आहे. गॅरेजवाला गाडीचा बदललेला पार्ट हातात देतो, तसंच हे. काम झालंच नाही, असं उद्या कोणी म्हणायला नको.

त्यामुळे दिगंबर आठल्यांच्या टर्नटेबलवरचं कार्ट्रिज एका गुरुवारी सकाळी कामातून गेलं, तेव्हा घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. सुई झिजली होती. रेकॉर्डवरच्या बाई तार सप्तकात गेल्या की मोहरी तडतडल्यासारखा आवाज यायचा. हे कार्ट्रिज मशीनबरोबरच आलेलं, जुन्या वळणाचं होतं. ते काही काढत नसे आणि काही घालत नसे; जे असेल ते वाजवत असे.

पण आठल्ये घाबरले, कारण पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे, जमून रेकॉर्ड ऐकणाऱ्या श्रवणानंद मंडळाची बैठक होती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं ते मंडळाचे सभासद होते आणि अकरा वर्षं दुसऱ्यांच्या सतरंज्यांवर मागच्या भिंतीला टेकून बसले होते. आता कुठे त्यांचा नंबर लागला होता. मंडळाचा नियम कडक होता. ज्या घरातले चुकलेले सूर काढलेले नाहीत, त्या घरात बैठक होत नाही. पुडी अध्यक्षांना समक्ष दाखवावी लागते. अध्यक्ष डॉ. केळुसकर हे दातांचे डॉक्टर. त्यांच्या घरातून एकही चुकलेला सूर निघाला नव्हता. ती रिकामी पुडी त्यांनी काचेच्या फ्रेममध्ये घालून दिवाणखान्यात लावली होती आणि येणारा-जाणारा तिच्यासमोर दोन मिनिटं उभा राहत असे.

कार्ट्रिज निवडायला डॉक्टर स्वतः बरोबर आले. ते आठल्यांनी बोलावलं नसतं तरी आले असते.

गणपती पेठेत मुजावरांचं दुकान आहे. मुजावरांनी काउंटरवर मखमलीचा तुकडा अंथरला आणि तीन डब्या मांडल्या.

"हे पहिलं काही काढत नाही," ते म्हणाले. "आहे ते वाजवतंय. खेड्यापाड्यात जातंय हे."

"ते आत ठेवा," डॉक्टर म्हणाले.

"हे दुसरं. उघड उघड बेसूर असंल तेवढंच काढतंय. खोकलंबिकलं सोडून देतंय. संसारी माणसाला हे बरं पडतंय साहेब."

"आणि तिसरं?" डॉक्टरांनीच विचारलं.

"ते केसभरबी सोडत नाही. मागच्या महिन्यात एकांच्यात बसवलं, तर एका बुवांची अख्खी दुसरी बाजू पुडीत आली. रेकॉर्ड नुसती गुळगुळीत राहिली, आरशावानी."

"उत्तम!" डॉक्टर म्हणाले. "बुवा होतेच तसले. हेच द्या यांना."

आठल्यांना दुसरं घ्यायचं होतं. खरं तर त्यांना पहिलं घ्यायचं होतं. पण केळुसकरांसमोर पहिली डबी मागणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत घरून आणलेला डबा उघडून बसणं. त्यांनी मान हलवली.

मुजावरांनी छापील अर्ज पुढे केला. नाव, पत्ता, रेकॉर्डची संख्या. चौथा प्रश्न असा होता : घरात हयात व्यक्तीची रेकॉर्ड आहे काय?

"हे नीट बघून लिवा साहेब," मुजावर म्हणाले. "मयत माणसाचा सूर नुसता रेकॉर्डवरनं निघतोय. हयात असला तर गळ्यातनंबी निघतोय. तशी रेकॉर्ड असंल तर हे बसवायच्या आधी माझ्याकडं आणून ठेवा. ह्याचं काढायचं काम नऊ दिवस चालतंय, मग घेऊन जावा."

"यांच्या घरी कोण गातंय?" डॉक्टर हसले.

आता सांगायला हवं, की आठल्यांच्या घरी एक रेकॉर्ड होती. लहान, एका बाजूला एकच गाणं. कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवात विद्यार्थ्यांची गाणी ध्वनिमुद्रित झाली, तेव्हा प्रथम वर्षाच्या मंदाकिनी गोखले यांनी एक भावगीत म्हटलं होतं. त्यातल्या 'अंगणाला' या शब्दावर त्यांचा निषाद किंचित उतरला होता. हॉलमध्ये दोघे-तिघे हसले. शेवटच्या रांगेतले दिगंबर आठल्ये हसले नाहीत. त्यांचा त्या सुरावर जीव जडला आणि पुढे तीन वर्षांनी दोघांचं लग्न झालं. मंदाताई अजूनही भाजी निवडताना तीच ओळ गुणगुणत आणि अठ्ठेचाळीस वर्षं निषाद त्याच जागी, तेवढाच उतरत असे. आठल्यांचा दिवस त्याशिवाय सुरू होत नसे. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं, मंदाताईंनाही नाही.

"आमच्याकडे कोणी गात नाही," आठल्ये म्हणाले आणि चौथ्या प्रश्नापुढे त्यांनी 'नाही' लिहिलं.

घरी आल्यावर त्यांनी ती रेकॉर्ड दोन टॉवेलांत गुंडाळली आणि लोखंडी कपाटात, हिवाळी कपड्यांच्या खाली ठेवून कुलूप लावलं आणि मगच नवं कार्ट्रिज बसवलं. तेवढं पुरेल, असं ते धरून चालले. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं त्यांनी गळती अशाच बंदोबस्ताने थांबवली होती.

नवव्या दिवशी मुजावर आले. त्यांनी कार्ट्रिज खोलून आतला माल कागदावर झटकला, पुडी बांधली आणि वर पेन्सिलने लिहिलं : खोकले तीन, चुकलेली सम एक, हार्मोनियमचे किरकोळ सूर सात, निषाद एक (स्त्री, हयात).

आठल्यांनी ते वाचलं. स्वयंपाकघरातून मंदाताईंचं गुणगुणणं येत होतं. 'अंगणाला'वर निषाद सरळ, स्वच्छ लागला. आठल्यांनी पुडीवरची शेवटची नोंद पुन्हा वाचली.

"कुलूप होतं हो कपाटाला," ते म्हणाले.

"कुलूप चोराला असतंय साहेब," मुजावर म्हणाले आणि पावतीवर सही घेऊन गेले.

बैठक झोकात झाली. डॉक्टरांनी पुडी तळहातावर तोलली, वरचं वाचलं आणि "माल जरा जास्तच निघाला, पण निघाला हे महत्त्वाचं," असा शेरा दिला. मग आत चहाचे कप लावताना मंदाताईंनी सहज ती ओळ गुणगुणली आणि डॉक्टरांचा हात हवेत थांबला.

"वा! वहिनी, काय निषाद आहे! इतकी वर्षं लपवून ठेवलात होय?"

सगळं मंडळ माना डोलावू लागलं. मंदाताई दारात आल्या. त्यांचा चेहरा एखाद्या मुलीसारखा लाल झाला होता. अठ्ठेचाळीस वर्षांत त्यांच्या गाण्याला कोणी 'वा' म्हटलं नव्हतं. आठल्यांनीही नाही. मनातल्या मनात म्हटलेलं बायकोला ऐकू जात नाही, हे त्यांच्या त्या क्षणी लक्षात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यानंतर मंदाताई दिवसभर गाऊ लागल्या. त्या फार खूश होत्या. आठल्ये मात्र सकाळी पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत आणि 'अंगणाला' आलं की श्वास रोखत. सूर बरोबर लागे आणि ते परत खुर्चीत येऊन बसत.

"काय हवंय तुम्हाला? रोज येऊन उभे राहता ते?" एकदा मंदाताईंनी विचारलं.

"काही नाही. हरवलंय जरा काहीतरी."

"काय ते सांगा, मी शोधून देते."

"राहू दे," आठल्ये म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते पुडी घेऊन मुजावरांकडे गेले. मुजावरांनी चिमट्याने निषाद बाहेर काढला, उजेडात धरला.

"चांगल्या अवस्थेत आहे. पण वहिनींना परत बसायचा नाही हा. बरा झालेला गळा घेत नाही."

"तिला बसवायचाच नाही. तिला तो नवा शोभतो," आठल्ये म्हणाले. "दुसऱ्या कोणाला बसेल?"

"कुणालाबी बसंल. पण मग त्याला जन्मात दुसरा निषाद लागायचा नाही. आणि नुसतं 'वा' म्हटलं तरी ते ह्याच सुरात निघंल. तुमचं मंडळ आहे साहेब, इचार करा."

आठल्यांनी विचार केला. अकरा वर्षांनी त्यांना आता डॉक्टरांच्या शेजारी, पुढच्या रांगेत जागा मिळू लागली होती. तक्क्याला टेकायलाही मिळत होतं. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि तोंड उघडलं.

पुढच्या बैठकीत चांगली समेची जागा आली आणि आठल्यांच्या तोंडून "वा" गेलं. ते केसभर उतरलेलं होतं. डॉक्टरांनी दाढ दुखल्यासारखा चेहरा केला. आठ दिवसांत ठरावाची प्रत पोस्टाने आली : सभासद क्रमांक तेवीस यांची दाद बेसूर असल्याचे निदर्शनास आल्याने त्यांचे नाव पटावरून कमी करण्यात येत आहे. आठल्यांनी ती प्रत घडी घालून टर्नटेबलच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली ठेवली. पाय व्यवस्थित बसला.

रविवारी सकाळी मेथी निवडायला घेतली ती आठल्यांनीच. मंदाताई आत कणीक मळत होत्या. आठल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ती ओळ मोठ्याने म्हटली.

आतला कणकेचा आवाज थांबला.

"अहो," मंदाताई म्हणाल्या, "'अंगणाला'वर निषाद उतरतोय तुमचा."

"उतरतोय ना?"

"चांगला उतरतोय." पिठाचे हात तसेच घेऊन त्या दारात आल्या आणि चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"पुन्हा म्हणा बघू," त्या म्हणाल्या.

आठल्यांनी पुन्हा म्हटलं. तो त्याच जागी, तेवढाच उतरला.