धातुकाची शिक्षा आणि माझा राजीनामा

शुद्ध मराठी ऐकायची असेल तर झाशीला या, असं मी छाती ठोकून सांगायचो. आमचे पूर्वज पेशवाईत इथे आले, आणि तेव्हापासून आम्ही घरात मराठीच बोलतो! त्यामुळे 'निर्वात' या अंतराळयुद्धाच्या खेळाचा मराठी विकी सुरू झाला, तेव्हा मी त्यात तडक घुसलो. विकी म्हणजे कुणीही लिहावं आणि कुणीही खोडावं असा चव्हाटा. तिथली भांडणं मिटवणाऱ्याला प्रचालक म्हणतात. तो मी होतो. मानिक चौकातल्या भाजीवाल्यालाही हे ठाऊक होतं.

खेळात धातुका नावाची यंत्रकन्या आहे. सेनापती तिला वर्षभर एका घुमटात ठेवतो आणि ती बाहेर येते ती एकदम शहाणी होऊन. आत काय घडलं, ते खेळ सांगत नाही. मी लेखात लिहिलं, 'सेनापतीने धातुकाला वर्षभर शिक्षा दिली.' आमच्या आजूबाजूला सगळी हिंदी. इथे शिक्षा म्हणजे शाळा, फळा, पुस्तक. दुसरा काही अर्थ असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पुण्याच्या कौशिकने चर्चापानावर विचारलं, "कोणत्या गुन्ह्याबद्दल?"

मी चक्रावलो. "गुन्हा कशाला लागतो? शिक्षा प्रत्येकाला मिळालीच पाहिजे. लहान मुलांना तर सक्तीने."

"तुम्ही हे गंभीरपणे म्हणताय?"

"अर्थात. माझ्या बायकोला मी लग्नानंतरही शिक्षा दिली. आईचा विरोध होता, तरी दिली."

लगेच कुणीतरी लिहिलं, "वहिनी कशा आहेत?"

माणूस घरोब्याचा वाटला. "मजेत," मी कळवलं. "आता मुलीची पाळी."

मग जे सगळे तुटून पडले! माझं वाक्य कौशिक खोडायचा, मी परत लावायचो. "मी तुम्हाला समजवायची चेष्टा करतोय," असं मी नम्रपणे लिहिलं, तर उत्तर आलं, "चेष्टा पुरे झाली!" प्रयत्नसुद्धा करायचा नाही म्हणजे काय? मला चैन पडेना. दूध उतू गेलं. कचेरीला निघालेली स्कूटर लक्ष्मी तालाच्या काठावर पोचली. मी वकीलसाहेबांचा मुन्शी; त्यांच्या अर्जात प्रतिवादीच्या जागी मी 'सेनापती' टाइप केलं.

"काए रमाकांतजी, का हो गओ?" वकीलसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मोबाइल में झगड़ा चल रहा है क्या? राजीनामा कर लो, भैया. किस्सा खतम."

मला एकदम हायसं वाटलं. आमच्या कचेरीत भावाभावांचे, शेजाऱ्यांचे राजीनामे रोज होतात. दोन्ही पक्ष हात मिळवतात, चहा पितात आणि घरी जातात. मी तिथेच लिहिलं, "वाद पुरे. प्रचालक या नात्याने मीच पुढाकार घेतो. माझ्याकडून राजीनामा. तुम्हीही द्या."

कौशिकचं उत्तर ताबडतोब आलं. "आम्ही कशाला द्यायचा? तुमचा मात्र स्वीकारला. आभार."

खाली पसंतीच्या अंगठ्यांची रांग लागली. मी खूश होऊन जिलबी घेतली आणि दारातूनच ओरडलो, "नीरजा, राजीनामा झाला!"

बायको सांगलीची आणि इथल्या शाळेत शिकवते. तिच्या हातातलं लाटणं पडलं. "अहो, नोकरी सोडलीत?"

"नोकरी कशाला सोडीन? समझोता झाला."

तिने मोबाइल हिसकावून सगळं वाचलं. प्रचालकांच्या यादीत माझ्या जागी कौशिकचं नाव होतं. मी मटकन बसलो. त्या पदाचा मला खरंच फार अभिमान होता. पण ती अजून वरचंच वाचत होती.

"मला लग्नानंतर शिक्षा दिलीत?"

"बी.एड. केलंस ना गं तू!"

ती पोट धरून हसली. मग स्वतःचं खातं उघडून तिने सगळा खुलासा केला. कौशिकने माझी माफी मागितली, आणि इतकं स्वच्छ मराठी लिहिल्याबद्दल तिलाच प्रचालक केलं. माझ्यासाठी नवा नियम झाला. माझं प्रत्येक वाक्य आधी वहिनींनी तपासायचं.

"आता तुम्हाला वर्षभर मराठीची शिक्षा," नीरजा जिलबी खात म्हणाली.

मी घाबरत विचारलं, "झाशीच्या अर्थाने, की सांगलीच्या?"

"दोन्ही."