आंगेरूची दृष्ट

कालिओपीने फोन पुढे केला तेव्हा आंगेरूने साखरपाकातल्या चेरीचा चमचा तोंडाशी नेला होता. तो तिथेच थांबला.

“ही बघ तुझी आंगेरू,” कालिओपी म्हणाली. “रोज सकाळी कॉफीबरोबर बघते मी. अजून तिथेच उभी आहे गं बिचारी. पण काय देखणी दिसते! या वयातही.”

फोनवर निळ्या पाण्यात एक हिरवा ठिपका होता आणि ठिपक्यावर तिचं नाव. जहाज तिच्या नवऱ्याने घेतलं होतं, आणि पिरेयस बंदरातल्या इतर सगळ्या मालकांप्रमाणे बायकोला न विचारता बायकोचं नाव दिलं होतं. नवरा गेला, त्याची बाकीची जहाजं एकेक करून गेली, ही एक राहिली. उलट, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या कालिओपीच्या मुलाची, पांदेलीसची, जहाजं दर वर्षी वाढत होती आणि त्यांतल्या एकालाही त्याने आईचं नाव दिलं नव्हतं. हे दुःख कालिओपीने कधी बोलून दाखवलं नाही. ती फक्त बघायची.

“तुला कोण दाखवतं हे?” आंगेरूने विचारलं.

“फुकट असतं गं. जगातली सगळी जहाजं दिसतात. चर्चमधल्या सगळ्याजणी बघतात. कायदाच आहे, प्रत्येक जहाजाने आपण कुठे आहोत ते सतत सांगत राहायचं.”

आंगेरूने चमचा खाली ठेवला आणि दृष्ट लागू नये म्हणून मनातल्या मनात तीनदा थुंकली.

दुसऱ्याच दिवशी जहाजाच्या नांगराचं चाक अडकलं. त्याच संध्याकाळी स्वयंपाक्याने उकळतं सूप हातावर सांडून घेतलं. आंगेरूला आणखी पुराव्याची गरज नव्हती. तिच्या तरुणपणी जहाज गेलं की गेलं. ते कुठे आहे हे देवाला आणि कॅप्टनला ठाऊक, आणि दोघंही लगेच सांगत नसत. तिच्या गावच्या बेटावरच्या बायका दुपारी रेडिओभोवती जमायच्या, खरखरीतून एखादा शब्द ओळखीचा वाटला की रडून घ्यायच्या आणि घरी जाऊन भाकरी भाजायच्या. काळजी होती, पण ती घरातली होती. परक्या बाईने कॉफी पिता पिता आपल्या जहाजाकडे टक लावून बसावं, ही सोय नव्हती.

तिने कॅप्टन लिनार्दोसला फोन लावला.

“ते यंत्र बंद कर.”

“कुठलं यंत्र, काकू?”

“चहाड्या करणारं. जहाज कुठे आहे ते जगाला सांगणारं.”

“काकू, ते चालू ठेवायचा नियम आहे.”

“नांगर टाकून उभाच आहेस ना? उभ्या माणसाने मी उभा आहे, मी उभा आहे, असं ओरडायचं कशाला? गव्हाचा करार होईपर्यंत बंद ठेव. माझ्या इसिदोरोसला सांगू नकोस, पोराचा आधीच रक्तदाब वाढलाय.”

लिनार्दोस तिच्याच गावचा. त्याची पहिली नोकरी तिने नवऱ्याच्या मागे लागून लावून दिली होती. त्याने यंत्र बंद केलं.

गव्हाचा करार ही साधी गोष्ट नव्हती. कॉन्स्टान्साच्या बंदरातून वर्षभर गहू वाहायचा होता, आणि त्या कराराच्या जोरावर बँक पाणी गाळायचं नवं यंत्र बसवायला कर्ज देणार होती. धूर मोजायचा नियम झाला, मग धूर धुवायचा नियम झाला. आता जहाजाच्या पोटातलं समुद्राचं पाणी गाळून पुन्हा समुद्रात सोडायचं होतं. “माझ्या नळाला गंज येतो, तो कोणी गाळत नाही,” असं आंगेरू म्हणाली होती, पण तिचं कोण ऐकतो? करार झाला तर जहाज राहणार होतं. नाही झाला तर विकावं लागणार होतं, आणि इसिदोरोस एखाद्या मोठ्या मालकाच्या दारात नोकरी मागायला उभा राहणार होता.

सही व्हायच्या सकाळी खालच्या मजल्यावरच्या ऑफिसातून इसिदोरोस धावत वर आला.

“आई, गव्हाच्या लोकांनी करार थांबवला! आपलं जहाज बंदी असलेल्या बंदरात कोळसा भरतंय म्हणतात!”

आंगेरूने गच्चीचं दार उघडलं. समोर समुद्रात, वाळत घातलेल्या चादरींच्या जरा डावीकडे, आंगेरू शांत उभी होती. डेकवर कोणीतरी कपडे धूत होतं.

“मग हे काय आहे?”

“ते मलाही दिसतंय गं! पण त्यांच्या कॉम्प्युटरला दिसत नाही!”

झालं होतं असं, की आंगेरूचं यंत्र गप्प झालं आणि कुठल्याशा चोरट्या जहाजाला गप्प बसलेलं नावच हवं होतं. त्याने आपलं यंत्र आंगेरूच्या नावाने बोलतं केलं आणि जिथे जाऊ नये तिथे उजळ माथ्याने गेलं.

इसिदोरोसने कॅप्टनला फोन केला, दोन वाक्यांत सगळं बाहेर आलं, आणि आईकडे त्याने अशा नजरेने पाहिलं की कालिओपीची नजर बरी. पण आरडाओरडा करायला वेळ नव्हता. “लिनार्दोस, यंत्र चालू कर! आत्ताच्या आत्ता!”

यंत्र चालू झालं. आता जगाच्या नकाशावर दोन आंगेरू होत्या. एक कोळसा भरून नेमाने बातमी देत चाललेली, आणि दुसरी कित्येक दिवस गप्प राहून अचानक पिरेयसला उगवलेली. कॉम्प्युटरने विचार करून दुसरीला खोटी ठरवलं.

दुपारी विम्याच्या कंपनीचा माणूस आला. अक्रिवोस त्याचं नाव. सोज्वळ चेहरा, इस्त्रीचा शर्ट, काखेत लॅपटॉप. आंगेरूने त्याला कॉफी दिली आणि नवऱ्याची दुर्बीण हातात ठेवली.

“वाचा नाव.”

त्याने वाचलं. “आंगेरू.”

“मग?”

“बाई, दिसतंय मला. पण दिसणं हा पुरावा नाही.”

“फोटो काढा,” इसिदोरोस म्हणाला.

“फोटो आजकाल कोणीही बनवतं.”

“अहो, कॅप्टनच येतोय इथे!”

लिनार्दोस होडीने आला, टोपी काढून बसला. अक्रिवोसने त्याची कागदपत्रं पाहिली आणि सहानुभूतीने मान हलवली. “कॅप्टन इथे आहेत हे मान्य. पण त्यामुळे जहाजावर कॅप्टन नाही, ही आणखी एक नोंद मला करावी लागेल.”

लिनार्दोसने टोपी पुन्हा घातली.

“मला एवढंच सांगा,” अक्रिवोस म्हणाला, “यंत्र बंद का केलं होतं? योग्य कारण असेल तर सगळं सुटेल.”

“बिघडलं होतं,” इसिदोरोस घाईने म्हणाला.

“छान. दुरुस्तीचं बिल द्या.”

बिल नव्हतं.

“दृष्ट लागली होती,” आंगेरू म्हणाली.

“आई!”

“खरं तेच सांगतेय. ती कालिओपी रोज सकाळी बघायची. नांगर अडकला, स्वयंपाकी भाजला. बंद केल्यापासून एकाचं बोटसुद्धा कापलं नाही. विचारा याला.”

“नाही कापलं,” लिनार्दोस म्हणाला.

अक्रिवोसने लॅपटॉपवरच्या योग्य कारणांच्या यादीवरून बोट फिरवलं. चाचे होते, युद्ध होतं, वीज जाणं होतं, आग होती. खाली वाकला तेव्हा त्याच्या शर्टाच्या आतून दोऱ्यात ओवलेला, दृष्टीचा निळा मणी बाहेर लोंबला. त्याने तो चटकन आत ढकलला.

“माझ्या आईने घातलाय,” तो ओशाळून म्हणाला. “तुमचं पटतं मला, बाई. पण यादीत नाही.”

विमा थांबला. विमा नाही म्हणून बंदराने जहाज हलू दिलं नाही. जहाज हलत नाही म्हणून गव्हाच्या लोकांनी करार मोडला, आणि करार नाही म्हणून बँकेच्या साहेबांचा फोन त्यांची सेक्रेटरी उचलू लागली. जागच्या जागी उभं राहून बुडालेलं असं जहाज पिरेयसने आजवर पाहिलं नव्हतं.

“काहीच उपाय नाही का हो?” इसिदोरोसने शेवटी विचारलं.

“आहे ना,” अक्रिवोस म्हणाला. “सोपा आहे. डाग नावाला आणि मालकाला लागलाय, लोखंडाला नाही. नवा मालक, नवं नाव, की जहाज पुन्हा निर्मळ.”

गिऱ्हाईक लांब शोधावं लागलं नाही. पांदेलीस स्वतः आला, मोठी फुलं घेऊन. “मावशी, तुमच्या जहाजाला परक्याचा हात लागू नये, एवढंच माझ्या मनात आहे,” तो म्हणाला, आणि भंगारवाल्यापेक्षा जेमतेम बरा भाव सांगितला. जहाजाबरोबर त्याने कॅप्टनही ठेवून घेतला, आणि इसिदोरोसला आपल्या ऑफिसात एक टेबल दिलं. खिडकीपासून दूरचं.

रंगारी दोराला लोंबकळत जहाजाच्या पाठीवरचं नाव खरवडत होता ते आंगेरूने दुर्बिणीतून पाहिलं. सगळ्यात शेवटी ‘रू’ गेला. त्या जागी पांढऱ्या अक्षरांत नवं नाव आलं: कालिओपी.

आठवड्याभरात कालिओपीला गव्हाचा करार मिळाला. तोच करार, तेच लोक, तोच गहू.

जहाज निघालं त्या सकाळी आंगेरू गच्चीत चादरी वाळत घालत होती. घरासमोरून जाताना लिनार्दोसने सवयीने तीनदा भोंगा वाजवला. नवऱ्याच्या काळापासून तो तसा वाजे आणि ती फडका हलवून उत्तर देई. तिने हात उचललाही होता. तेवढ्यात गल्लीच्या टोकाच्या गच्चीवरून कालिओपीने रुमाल हलवला.

“ऐकलंस का गं आंगेरू?” ती ओरडली. “मला सलाम केला!”

आंगेरूने उचललेल्या हाताने चादरीला चिमटा लावला.

मग ती आत आली. तिने इसिदोरोसकडून ते जहाजं दाखवणारं सोंग आपल्याही फोनवर घालून घेतलं होतं. चष्मा लावून एका बोटाने तिने स्वतःचं नाव लिहिलं. हिरवा ठिपका उगवला. दूर कुठल्याशा समुद्रात तिचं नाव चोरलेली आंगेरू भरल्या पोटाने, झपाझपा चालली होती. नांगर अडकत नव्हता, बँक फोन करत नव्हती. जगात त्या नावाची आता ती एवढीच होती.

आंगेरू बराच वेळ बघत राहिली. मग उठून तिने वाडग्यात पाणी आणलं, फोन त्याच्या शेजारी टेकवून ठेवला, आणि आजीने शिकवलेली प्रार्थना पुटपुटत बोटावरून तेलाचा एक थेंब पाण्यात सोडला. थेंब गोल राहिला नाही. पाण्यावर पसरत पसरत नाहीसा झाला. दृष्ट होती. चांगलीच होती.

दृष्ट उतरवताना येते तशी तिला मोठी जांभई आली, डोळ्यांत पाणी आलं. ती फोनवर वाकली आणि हलक्या आवाजात म्हणाली,

“यंत्र बंद कर गं पोरी. कालिओपी बघतेय.”