निष्कर्षाची घाई नको

आमच्या शाळेत उशिरा येणाऱ्याला ओरडा बसत नसे, त्याला प्रयोग लिहावा लागे. रसायनशास्त्राचे तांडेल सर दारातच कोरा कागद पुढे करायचे. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष असे पाच मथळे घालून, उशीर का झाला ते उभ्याउभ्या लिहायचं. अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्यावर ती वेळ आली. उद्देश: पावणेआठला शाळेत पोहोचणे. साहित्य: नेऱ्याहून येणारी बस. कृती: वाट पाहिली. निरीक्षण: बस आली नाही. निष्कर्ष: बसवर विश्वास ठेवू नये.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवून ते वाचलं. "एका निरीक्षणावर निष्कर्ष काढलास? निष्कर्षाची घाई नको."

दुसऱ्या दिवशी बस नेमकी वेळेवर आली, आणि "बघ" म्हणून त्यांनी तो कागद मला परत दिला.

पनवेलच्या एका गल्लीतली ती शाळा. अकरावी-बारावी, फक्त विज्ञान, दोन्ही वर्ग मिळून साठेक मुलं. प्रयोगशाळा एकच, त्यामुळे रसायनाच्या टेबलाशेजारी जीवशास्त्राचा सांगाडा उभा असे आणि मुलं त्याच्या खांद्यावर ॲप्रन टांगत. इतक्या लहान शाळेत कोणाच्या डब्यात काय आहे हेसुद्धा सगळ्यांना माहीत असायचं. पण तांडेल सरांपुढे 'माहीत आहे' म्हणायची सोय नव्हती.

"सर, परीक्षानळी फुटली," असं माझी मैत्रीण सायली एकदा म्हणाली.

"फुटली की फोडलीस? वाक्याला कर्ता दे."

कोणी म्हणालं भाजीत मीठ जास्त झालंय, तर सर विचारत, "कशापेक्षा?" स्नेहसंमेलनात मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, आपली शाळा तालुक्यात सर्वोत्तम आहे. मागच्या रांगेतून शांतपणे प्रश्न आला, "बाईंनी किती पाहिल्या?" पुढच्या वर्षीपासून सरांना पडदा ओढायच्या कामावर नेमण्यात आलं.

एकदा सायली प्रयोगशाळेत रडत बसली होती. वर्गातल्या सगळ्यांना ती आवडत नाही, असं तिचं म्हणणं होतं. सरांनी तिला हजेरीपट दिला आणि अशा प्रत्येक नावापुढे खूण करायला सांगितली. बराच विचार करून तिने चार खुणा केल्या.

"चारच?" सर म्हणाले. "एवढ्यांना तर स्टाफरूममध्ये मीही आवडत नाही."

असे हे सर दोन वर्षांत कधी गैरहजर राहिले नव्हते. बारावीत एका शुक्रवारी ते आले नाहीत. शनिवारीही नाहीत. आम्हाला काळजी वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर आनंद झाला. आता पाच मथळे सरांनी लिहायचे. सायलीची आत्या उरणला सरांच्याच कोळीवाड्यात राहायची, त्यामुळे घर सापडण्यासारखं होतं. शाळा सुटल्यावर आम्ही दोघी कोरा कागद घेऊन बसमध्ये बसलो आणि कंटेनरच्या रांगांमधून रखडत तासाभराने पोहोचलो.

सर ओटीवर होते. लुंगी नेसून, खुर्चीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंची वेणी घालत होते. आम्हाला पाहून ते दचकले, पण वेणी सोडली नाही.

"आई," ते म्हणाले. "रोज चुलतबहीण सांभाळते. ती लग्नाला गेलीय, म्हणून मी घरी."

तेवढ्यात आजींनी विचारलं, "बापूस आला काय रं?"

"नाय आये," सर म्हणाले. हा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. "भरती लागली का येल."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सरांचे वडील हयात नाहीत हे सायलीच्या आत्याने तिला कधीच सांगितलं होतं. कागद दप्तरातच राहिला.

चहा करायला सर आत गेले, तेव्हा मीही कप घ्यायला गेले. मी काहीच विचारलं नव्हतं. आधणाकडे बघत तेच म्हणाले, "मी आठवीत असताना गेले ते. समुद्रातच. आईचं विसरणं सुरू झालं तेव्हा मी तिला खरं तेच सांगायचो. पण तिला ते दर वेळी नव्यानेच कळायचं गं. रोज पहिल्यांदा कळल्यासारखी रडायची. महिनाभर सांगितलं. मग नाही सांगितलं."

आम्ही चहा घेऊन बाहेर आलो. आजींनी माझा हात धरला. "तू बंदरावरशी आलीस ना पोरी? आमची होरी दिसली?"

सरांनी त्यांचा चहा बशीत ओतला.

"होडी दिसली आजी," मी म्हणाले. "लांब होती, पण इकडेच येत होती."

"किती मानसा व्हती?"

मी गडबडले. सायली म्हणाली, "चार."

आजींनी बोटांवर चार नावं मोजली. ती बरोबर भरली असावीत, कारण त्या हसल्या आणि बशी तोंडाला लावली.

बसथांब्यापर्यंत सर आमच्याबरोबर चालत आले. बस दिसली तेव्हा म्हणाले, "सकाळपासून तिने काही घेतलं नव्हतं. मी एकटाच सांगतो ना, तिला शंका येते. दुसऱ्या कोणी पाहिली म्हटल्यावर बरं वाटलं असेल." मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "शनिवारी कधी मोकळ्या असलात तर या. अभ्यास सांभाळून."

बारावी संपेपर्यंत आम्ही बहुतेक शनिवारी गेलो. सर पोह्यांची तयारी करून ठेवायचे आणि आम्ही सहजच आलो असं दाखवायचे. आजी होडीची खबर विचारायच्या, आम्ही सांगायचो. होडी कधीच फार जवळ आणायची नाही, एवढं मात्र आम्ही दोघींनी बसमध्येच ठरवून टाकलं होतं.